मॉड कोणत्या फोल्डरमध्ये टाकावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे संगणकावरील खेळांच्या मॉडविषयी, म्हणजे खेळात बदल किंवा भर घालणाऱ्या फायलींविषयी, बरीच पत्रे आली. खेळ निरनिराळे आहेत, पत्रलेखकांची वयेही निरनिराळी आहेत, पण जवळजवळ सर्वांची गाडी एकाच जागी अडलेली दिसते. मॉड उतरवून घेतला, झिप उघडली, आणि त्यासोबतच्या सूचनेत 'या फायली गेम फोल्डरमध्ये कॉपी करा' एवढे एकच वाक्य सापडले. हे गेम फोल्डर म्हणजे नेमके कोणते, याचे उत्तर प्रत्येक खेळागणिक आणि कित्येकदा प्रत्येक संगणकागणिक बदलते. म्हणून या अंकातील सगळी जागा याच प्रश्नाला दिली आहे.

प्रश्न : ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' हा खेळ माझ्या जुन्या संगणकावर अनेक वर्षे होता. आता तो नव्या लॅपटॉपवर पुन्हा बसवला आहे. भारतीय खेळाडूंची खरी नावे असलेले रोस्टर (संघांतील खेळाडूंच्या यादीची फाइल) आणि नव्या जर्सींचा पॅच असे दोन्ही मी खेळाच्या फोल्डरमध्ये टाकले. जर्सी बदलल्या, पण नावे मात्र जुनीच वाकडीतिकडी दिसतात. रोस्टर खराब आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रोस्टर खराब असण्याची शक्यता फार कमी आहे, ते चुकीच्या घरी गेले आहे. आपल्या पत्रातच याचा पुरावा आहे, कारण जर्सी बदलल्या याचा अर्थ आपण खेळाचे मुख्य फोल्डर बरोबर ओळखले होते. अडचण अशी आहे की बहुतेक खेळांना एक नव्हे तर दोन घरे असतात. पहिल्या घरात खेळ स्वतः राहतो, म्हणजे तो सुरू करणारी फाइल, चित्रे, आवाज, मैदाने इत्यादी. दुसऱ्या घरात खेळणाऱ्याचे सामान राहते, म्हणजे त्याने जपून ठेवलेले सामने, त्याने बदललेल्या मांडण्या आणि त्याने संपादित केलेले संघ. जर्सी हे खेळाचे सामान आहे, रोस्टर हे खेळणाऱ्याचे. 'क्रिकेट ०७' रोस्टर शोधतो तो डॉक्युमेंट्समध्ये, खेळाच्याच नावाने तयार झालेल्या फोल्डरात. मुख्य फोल्डरात ठेवलेल्या रोस्टरकडे तो पाहतही नाही.

हा खेळ २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा भारतीय संघाच्या नावांचा परवाना त्याच्याकडे नव्हता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावे मोडूनतोडून दिलेली होती. त्यामुळे भारतात या खेळासाठी लोकांनी सर्वांत आधी शोधली ती रोस्टरेच, आणि 'रोस्टर टाकले पण नावे बदलत नाहीत' ही तक्रारही तितकीच जुनी आहे. आपण एकटे नाही, हे मुद्दाम सांगतो.

आता आपल्या नव्या लॅपटॉपवर एक आणखी गुंता असू शकतो. हल्ली विंडोज बसवताना वनड्राइव्ह चालू केले गेले, तर डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपल्या नावाच्या मूळ फोल्डरातून उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरात नेले जाते. अशा संगणकावर डॉक्युमेंट्स नावाची दोन फोल्डरे दिसू शकतात, एक जुन्या जागी आणि एक वनड्राइव्हच्या आत, आणि त्यांतले एकच खरे असते. शेजारच्या एका मुलाचा लॅपटॉप मागच्या महिन्यात मी पाहिला, तेव्हा नेमके हेच झाले होते. त्याने रोस्टर तीनदा कॉपी केले होते आणि तिन्ही वेळा जुन्या जागी. मी त्याला खेळ सुरू करायला लावला, त्यातच एक रोस्टर वेगळ्या नावाने जपून ठेवायला सांगितले आणि मग दोन्ही फोल्डरे शेजारीशेजारी उघडली. एका फोल्डरातील सर्वांत ताजी फाइल कित्येक महिन्यांपूर्वीची होती. दुसऱ्यात, वनड्राइव्हच्या आतल्या फोल्डरात, त्याच संध्याकाळच्या ७ वाजून ४२ मिनिटांची फाइल होती आणि भिंतीवरच्या घड्याळात ७ वाजून ४३ मिनिटे झाली होती. यानंतर खरे फोल्डर कोणते, हा वादच उरला नाही.

आपणही हेच करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कुणी सांगितलेला किंवा कुठे वाचलेला पत्ता डोळे झाकून टाइप करण्यापेक्षा खेळालाच काहीतरी लिहायला लावावे आणि तो ते कुठे लिहितो ते पाहावे. खेळाने आत्ता ज्या फोल्डरात लिहिले, तेथूनच तो वाचतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये यादी तारखेनुसार लावली की ताजी फाइल वर येते. रोस्टर त्या फोल्डरात ठेवल्यावर खेळ पुन्हा सुरू करून लोडच्या पर्यायातून ते निवडावेही लागते; नुसते ठेवल्याने नावे बदलत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिले घर, म्हणजे खेळाचे मुख्य फोल्डर, शोधण्याचीही अशीच खात्रीची पद्धत आहे. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडले की बहुधा थेट मुख्य फोल्डर उघडते. स्टार्ट मेनूतून हेच केले तर मात्र बऱ्याचदा फक्त शॉर्टकट जेथे ठेवला आहे ते फोल्डर उघडते, आणि तेथे त्या शॉर्टकटवर पुन्हा राइट क्लिक करून तोच पर्याय निवडावा लागतो. ही दुसरी पायरी राहून गेल्यामुळे मॉडच्या फायली शॉर्टकटच्या फोल्डरात ओतलेले संगणक मी पाहिले आहेत. ज्यांच्याकडे एकाच खेळाच्या दोन प्रती असतील त्यांनी खेळ चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीत खेळाचे नाव शोधावे, त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. जी प्रत या क्षणी चालू आहे तिचेच फोल्डर उघडते. येथे अंदाजाला जागा राहत नाही.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला 'स्टारड्यू व्हॅली' या खेळात मॉड घालायचे आहेत. त्यासाठी स्मॅपी (या खेळात मॉड चालवणारा प्रोग्रॅम) लागते असे ती म्हणते. आमच्या संगणकात सी ड्राइव्हवर आणि डी ड्राइव्हवर अशी या खेळाची दोन फोल्डरे आहेत. स्मॅपी कुठे बसवायची आणि मॉड कुठे ठेवायचे? मला यातले फारसे कळत नाही, पण तिला मदत करायची आहे. — एक आई, पुणे

उत्तर : आपण नेमका प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर खेळ ज्या दुकानातून घेतला त्या दुकानाच्या ॲपमध्येच मिळते. खेळ स्टीमवरून घेतला असेल तर स्टीममधील लायब्ररीत खेळाच्या नावावर राइट क्लिक करावे, 'मॅनेज' वर जावे आणि 'ब्राउझ लोकल फाइल्स' निवडावे. जे फोल्डर उघडेल ते खरे. दुसरे बहुधा उरलेले सामान असते. खेळ एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवला किंवा काढून पुन्हा बसवला, की स्टीम स्वतः आणलेल्या फायली उचलते, पण आपण नंतर टाकलेल्या फायली तेथेच सोडून जाते, आणि मग त्याच नावाचे एक अर्धवट फोल्डर मागे राहते. ओळखायची खूण सोपी आहे : त्या उरलेल्या फोल्डरात खेळ सुरू करणारी फाइल नसते.

स्टीमचे मूळ फोल्डर सी ड्राइव्हवर, ज्याच्या नावात कंसात एक्स ८६ असे लिहिलेले असते त्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये असते. त्यात स्टीमॲप्स, त्याच्या आत कॉमन, आणि कॉमनच्या आत प्रत्येक खेळाचे एकेक फोल्डर अशी रचना असते. दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी केली असेल तर तेथे स्टीमलायब्ररी नावाचे फोल्डर असते आणि आतली रचना तीच असते. गॉग गॅलेक्सीवरून घेतलेल्या खेळासाठी 'मॅनेज इन्स्टॉलेशन' मध्ये 'शो फोल्डर' हा पर्याय आहे. एक्सबॉक्स ॲपवरून घेतलेला खेळ बहुधा सी ड्राइव्हवरील एक्सबॉक्सगेम्स या फोल्डरात असतो आणि त्याच्या खऱ्या फायली आणखी एक पायरी आत, कंटेंट नावाच्या फोल्डरात असतात. ही कंटेंटची पायरी विसरल्यामुळे पुष्कळांचे मॉड चालत नाहीत.

आता स्मॅपी. तिची झिप फाइल आधी पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करावी आणि मगच आतली विंडोजसाठीची इन्स्टॉल फाइल चालवावी. झिपच्या आत डोकावून तेथूनच ती चालवली तर तिला लागणाऱ्या इतर फायली सापडत नाहीत. ही झिप खेळाच्या फोल्डरात उघडू नये, डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये उघडावी. इन्स्टॉलर स्वतः खेळ शोधतो आणि सापडलेला पत्ता पडद्यावर दाखवतो. तो पत्ता आपण स्टीममधून उघडलेल्या फोल्डराशी जुळतो का, हे मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. जुळत नसेल तर एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीतील खरा पत्ता कॉपी करून तेथे चिकटवता येतो.

स्मॅपी बसली की खेळाच्या फोल्डरात मॉड्स नावाचे फोल्डर दिसू लागते. प्रत्येक मॉडचे स्वतंत्र फोल्डर त्यात ठेवायचे असते, आणि त्या प्रत्येकात मॅनिफेस्ट नावाची जेसन प्रकारची छोटी फाइल असते. ही फाइल म्हणजे त्या मॉडची ओळखचिठ्ठी. ती ज्या फोल्डरात आहे ते मॉडचे खरे फोल्डर. मुलीने खेळात उभे करून जपून ठेवलेले शेत मात्र येथे नाही. ते ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरातील रोमिंगच्या आत स्टारड्यूव्हॅली नावाच्या फोल्डरात, सेव्ह्जमध्ये असते. मॉड घालण्याआधी त्या सेव्ह्ज फोल्डराची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. दोन वर्षे वाढवलेले शेत एका संध्याकाळी गेले तर बारा वर्षांच्या मुलीला किती वाईट वाटेल, हे आपल्याला मी सांगायला नको.

स्मॅपी चालू झाली की एक काळी खिडकी उघडते आणि तीत सापडलेल्या मॉडची नावे येतात. मुलीच्या मॉडचे नाव त्या यादीत आले तर फोल्डर बरोबर आहे, हे निश्चित. नाव आले नाही किंवा खिडकीच उघडली नाही, तर खेळ दुसऱ्याच फाइलवरून किंवा दुसऱ्याच फोल्डरातून सुरू होत आहे.

प्रश्न : 'स्कायरिम'साठी उतरवलेले मॉड मी डेटा फोल्डरात टाकले. काही चालतात, काही चालत नाहीत. स्क्रिप्ट एक्स्टेंडर (काही मॉडना लागणारा जोडप्रोग्रॅम) टाकूनही खेळ तो नसल्याचे सांगतो. माझ्या डॉक्युमेंट्समध्येही 'स्कायरिम' नावाची दोन फोल्डरे आहेत. तसेच जुन्या 'मॉरोविंड'ची आयएनआय फाइल (खेळाच्या मांडण्या लिहिलेली फाइल) मी बदलतो, पण खेळावर काहीच परिणाम होत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट दोन खेळांची. मूळ 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि त्याची स्पेशल एडिशन २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये. दोन्ही दिसायला एकच वाटले तरी पहिला ३२ बिटांचा आणि दुसरा ६४ बिटांचा आहे, आणि स्टीमच्या कॉमन फोल्डरात त्यांची फोल्डरे वेगवेगळी असतात. डॉक्युमेंट्समधील माय गेम्समध्येही दोघांची स्वतंत्र फोल्डरे होतात. गॉगवरून घेतलेल्या प्रतीसाठी तर नावाच्या शेवटी गॉग हा शब्द जोडलेले तिसरेच फोल्डर असते. मुख्य फोल्डरात टीईएसव्ही नावाची फाइल दिसली तर तो मूळ खेळ आहे आणि स्कायरिमएसई दिसली तर स्पेशल एडिशन आहे. मॉड यांपैकी कोणासाठी बनवला आहे, हे आधी पाहावे. स्क्रिप्ट एक्स्टेंडरच्या आधाराने चालणारा एकाचा डीएलएल (कोडची फाइल) दुसऱ्यात चालत नाही, मग तो कितीही योग्य फोल्डरात ठेवा.

दुसरी गोष्ट डेटा फोल्डराची, आणि माझ्या मते आपले काही मॉड न चालण्याचे कारण येथेच आहे. झिप उघडल्यावर पहिल्या पायरीवर काय दिसते ते बारकाईने पाहावे. मेशेस, टेक्श्चर्स, स्क्रिप्ट्स अशी फोल्डरे किंवा ईएसपी प्रकारची फाइल दिसली तर ते सगळे डेटाच्या आत जाते. पण झिपमध्ये आधी डेटा नावाचेच फोल्डर असेल आणि बाकीचे त्याच्या आत असेल, तर ते एक पायरी वर, खेळाच्या मुख्य फोल्डरात टाकायचे असते, म्हणजे ते आपोआप मूळ डेटामध्ये मिसळते. तसे न करता ते डेटाच्या आत टाकले की डेटाच्या आत दुसरे डेटा तयार होते. खेळ त्या आतल्या फोल्डरात कधीच पाहत नाही, तो चूकही दाखवत नाही, आणि आपण मॉडलाच दोष देत बसतो. विंडोजचे 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' झिपच्या नावाचे आणखी एक फोल्डर स्वतःहून तयार करते, त्यामुळे हा घोटाळा अधिकच होतो. आज घरी गेल्यावर डेटा उघडून त्यात डेटा नावाचे किंवा एखाद्या मॉडच्या झिपचे नाव असलेले फोल्डर आहे का ते पाहावे, बहुधा सापडेल.

तिसरी गोष्ट स्क्रिप्ट एक्स्टेंडरची. त्याची झिप दोन घरांत विभागायची असते. त्याचा लोडर आणि सोबतचे डीएलएल डेटामध्ये नव्हे, तर मुख्य फोल्डरात, खेळाच्या फाइलच्या शेजारी ठेवावे लागतात. फक्त त्यातील स्क्रिप्ट्स डेटाच्या स्क्रिप्ट्समध्ये जातात. त्यानंतर खेळ नेहमीच्या चिन्हावरून सुरू न करता त्या लोडरवरून सुरू करावा लागतो. आपण सगळी झिप डेटामध्ये टाकली असावी, असे पत्रावरून वाटते.

चौथी गोष्ट 'मॉरोविंड'ची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण जुने खेळ आवडीने खेळणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी गाठते. 'मॉरोविंड' २००२ चा खेळ आहे. त्या काळी खेळ आपली आयएनआय फाइल आणि जपून ठेवलेला खेळसुद्धा स्वतःच्या मुख्य फोल्डरातच लिहीत असत, म्हणजे दोन्ही घरे एकाच छपराखाली होती. पुढे विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्समध्ये कोणत्याही प्रोग्रॅमला परवानगीशिवाय लिहिण्यास मनाई झाली. जुने प्रोग्रॅम यामुळे बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक सोय केली : असा जुना प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू लागला की ती फाइल गुपचूप वळवून आपल्या ॲपडेटामधील लोकल या फोल्डरात, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवायची. वाचतानाही तो प्रोग्रॅम आधी तेथली प्रत पाहतो आणि ती नसेल तरच मूळ फाइल वाचतो. पण एक्स्प्लोरर आपल्याला मूळ फाइलच दाखवतो. म्हणजे आपण दुरुस्त करता ती आयएनआय एक आणि खेळ वाचतो ती दुसरी, असा हा प्रकार आहे. व्हर्च्युअलस्टोअर उघडून त्यातील प्रोग्रॅम फाइल्समध्ये खेळाचे फोल्डर आहे का ते पाहावे. असेल तर आपली आयएनआय आणि कदाचित जपून ठेवलेला खेळही तेथेच सापडेल.

यावर कायमचा उपाय म्हणजे मॉड घालायचा कोणताही जुना खेळ प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर ठेवणे. डी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचे साधे फोल्डर करावे आणि खेळ तेथे बसवावा. स्टीमवर असेल तर सेटिंग्जमधील स्टोरेजमध्ये नवी लायब्ररी जोडून, मग खेळाच्या प्रॉपर्टीजमधील 'इन्स्टॉल्ड फाइल्स' या पानावरून तो हलवता येतो. हलवल्यावर व्हर्च्युअलस्टोअरमधील सेव्ह फायली नव्या जागी आणायला मात्र विसरू नये.

मॉड खूप असतील तर मॉड ऑर्गनायझर किंवा व्होर्टेक्स यांसारखा मॅनेजर, म्हणजे मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम, वापरावा. पण त्यालाही सुरुवातीला खेळाचे मुख्य फोल्डर दाखवून द्यावेच लागते, आणि व्होर्टेक्स नेहमीच्या हार्डलिंक पद्धतीने (एकच फाइल दोन ठिकाणी दाखवणाऱ्या) वापरत असाल तर मॉड साठवण्याचे त्याचे फोल्डर खेळाच्याच ड्राइव्हवर असावे लागते.

प्रश्न : 'माइनक्राफ्ट'चे मॉड डॉट माइनक्राफ्ट फोल्डरात टाकावेत असे मित्र म्हणतो. माझ्या संगणकात ते फोल्डर दिसतच नाही. — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : ते लपलेले आहे, गेलेले नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाब, उघडलेल्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, ॲपडेटा हा इंग्रजी शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे टाइप करून एंटर दाब. जे फोल्डर उघडेल त्यात, नावाच्या आरंभी टिंब असलेले, माइनक्राफ्टचे फोल्डर असेल. त्यात मॉड्स नावाचे फोल्डर नसेल तर घाबरू नकोस. फोर्ज किंवा फॅब्रिक (माइनक्राफ्टमध्ये मॉड चालवणारे प्रोग्रॅम) बसवून खेळ एकदा सुरू केला की ते तयार होते. लाँचरमधील इन्स्टॉलेशन्सच्या यादीत प्रत्येक नोंदीसमोर फोल्डरचे चिन्ह आहे, त्यावरूनही थेट पोचता येते, आणि कुणी त्या नोंदीची गेम डिरेक्टरी बदलली असेल तर हाच मार्ग खरा. हे सगळे जावा एडिशनसाठी आहे. तुझ्याकडे बेडरॉक एडिशन असेल तर तेथे हे मॉड चालतच नाहीत. शिवाय, जार प्रकारची मॉडची फाइल झिपसारखी उघडायची नसते. ती जशीच्या तशी मॉड्समध्ये ठेव.

प्रश्न : मी मूळची ठाण्याची, सध्या जर्मनीत शिकते. 'द सिम्स ४' चे मॉड ठेवण्यासाठी सांगितल्याप्रमाणे मी डॉक्युमेंट्समध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या फोल्डरात 'द सिम्स ४' आणि त्यात मॉड्स असे फोल्डर केले. खेळाला ते दिसत नाही. — एक वाचक, म्युनिक

उत्तर : आपला खेळ बहुधा जर्मन भाषेत बसवला गेला आहे. 'द सिम्स ४' आपले फोल्डर खेळाच्या भाषेप्रमाणे तयार करतो. जर्मनमध्ये ते 'डी सिम्स ४' होते, फ्रेंचमध्ये 'ले सिम्स ४' आणि स्पॅनिशमध्ये 'लोस सिम्स ४'. आपण हाताने केलेले इंग्रजी नावाचे फोल्डर खेळाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फोल्डरात पुन्हा पाहिले तर शेजारीच जर्मन नावाचे फोल्डर असेल आणि त्यात सेव्ह्ज, ट्रे आणि मॉड्स ही फोल्डरे आधीच असतील. पुढे कधी खेळाची भाषा इंग्रजी केलीत तर खेळ नव्या नावाचे फोल्डर करील आणि जुनी घरेदारे दिसेनाशी होतील. तेव्हा ती नष्ट झाली असे समजू नये, जुन्या फोल्डरातून नव्यात आणावीत.

आपण केलेले रिकामे फोल्डर काढून टाकावे, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. येथे खोलीलाही मर्यादा आहे. स्क्रिप्ट मॉड मॉड्सच्या आत फार तर एका फोल्डराइतके खोल ठेवता येतात; त्याहून खोल ठेवले तर ते वाचले जात नाहीत. आणि खेळाचे नवे अपडेट आले की तो मॉड स्वतःहून बंद करतो, त्यामुळे फोल्डर बदलण्याआधी गेम ऑप्शन्समध्ये मॉड व स्क्रिप्ट मॉडच्या खुणा चालू आहेत ना, हे पाहावे.

प्रश्न : स्टीम डेकवर (हातात धरून खेळायच्या संगणकावर) विंडोजचे खेळ चालतात, पण त्यात सी ड्राइव्ह किंवा डॉक्युमेंट्स असे काहीच नाही. 'स्कायरिम स्पेशल एडिशन'ची आयएनआय कुठे शोधू? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : तेथे लिनक्स आहे, आणि विंडोजचा खेळ प्रोटॉनच्या, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आधारे चालतो. डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फायली दिसतील असे करावे. खेळाचे मुख्य फोल्डर नेहमीप्रमाणे स्टीमॲप्समधील कॉमनमध्येच असते आणि 'ब्राउझ लोकल फाइल्स' येथेही तेच उघडते. दुसरे घर मात्र कॉमनच्या शेजारी असलेल्या कॉम्पॅटडेटा फोल्डरात असते. तेथे खेळाच्या नावाऐवजी त्याचा स्टीमवरील क्रमांक असतो. आपल्या खेळाचा ४८९८३० आहे. त्याच्या आत पीएफएक्स, मग ड्राइव्ह सी, मग युझर्स, मग स्टीमयुझर असे गेल्यावर आपले ओळखीचे डॉक्युमेंट्स सापडेल.

लिनक्सवर मोठ्या आणि लहान लिपीतील इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. टेक्श्चर्स हे नाव एकदा मोठ्या टीने आणि एकदा लहान टीने असेल तर ती दोन वेगळी फोल्डरे होतात आणि खेळ त्यांतील एकाच फोल्डराकडे पाहतो. अशी जोडी दिसली तर दोन्ही एकत्र करावीत.

प्रश्न : चुकीच्या फोल्डरांत टाकलेल्या मॉडच्या फायली आता कशा काढाव्यात? — अनेक वाचक

उत्तर : मॉडची मूळ झिप अजून डाउनलोड्समध्ये असेल तर तीच आपली यादी. एका बाजूला झिप आणि दुसऱ्या बाजूला फोल्डर उघडावे, फोल्डर तारखेनुसार लावावे, आणि झिपमध्ये ज्या नावांच्या फायली आहेत त्याच काढाव्यात. मात्र एक अडचण असते : मॉडच्या तारखा पुष्कळदा त्या बनवणाऱ्याच्या संगणकावरच्या असतात, आपण कॉपी केल्याच्या नसतात. म्हणून यादीच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'डेट क्रिएटेड' हा रकाना जोडावा; तो ही फाइल आपल्या संगणकावर केव्हा आली ते सांगतो.

ज्या फायलींनी खेळाच्या मूळ फायली बदलल्या, त्या नुसत्या काढून भागत नाही. स्टीमवर खेळाच्या प्रॉपर्टीजमधील 'इन्स्टॉल्ड फाइल्स' या पानावर फायलींची तपासणी करण्याचा पर्याय आहे; तो बदललेल्या मूळ फायली पुन्हा आणतो. आपण वरून टाकलेल्या जादा फायली मात्र तो काढत नाही, त्या हातानेच काढाव्या लागतात, म्हणून आधी हाताने सफाई आणि नंतर तपासणी हा क्रम ठेवावा. आणि 'सगळे फोल्डर पुसून पुन्हा बसवतो' असे म्हणण्याआधी सेव्ह फायली कोणत्या घरात आहेत ते पाहावे. 'स्टारड्यू व्हॅली'चे मुख्य फोल्डर पुसले तरी शेत शाबूत राहते, कारण ते ॲपडेटामध्ये आहे. 'मॉरोविंड'चे पुसले तर अनेक वर्षांचा प्रवास त्याच्याबरोबर जाऊ शकतो. तेव्हा आधी सेव्ह्ज फोल्डराची प्रत दुसरीकडे ठेवावी, ती तेथे उघडते आहे हे पाहावे, आणि मगच डिलीटची कळ दाबावी.